सुमेधच्या पेशी

देवळाली प्रवरा,
१९ जानेवारी २०२५

जय भीम.

वर काय लिहावं यातच माझी सकाळ गेली. लग्नानंतर मी तुम्हाला 'अहो' म्हणायचे. सुमेध झाला आणि 'सुमेधचे पप्पा' म्हणायला लागले. आता ते म्हणवत नाही, आणि परत 'अहो'वर यायला जीभ वळत नाही. तेव्हा नुसता जय भीम घ्या.

फोन केला की तुम्ही 'ड्युटीवर आहे' म्हणता आणि ठेवून देता. चाकणला गेल्यापासून आपलं एक धड बोलणं झालेलं नाही. म्हणून पत्र.

इकडे सगळे बरे आहेत. आईंचे गुडघे थंडीनं धरलेत. कारखाना चालू आहे, रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, सगळी धूळ घरात. मला शाळेच्या गणवेशाचं शिवणकाम मिळालंय.

सगळे बरे आहेत हे मी उगाच लिहिलं. ताईची निकिता बरी नाही. पूर्वी एकदा रक्त चढवलं की तिचा महिना निघायचा. आता पंधरा दिवसांतच ओठ पांढरे पडतात. पोट पुढं आलंय. सहा वर्षांची पोर, पण शाळेतून आली की म्हातारीसारखी भिंतीला टेकून बसते. ताई आणि दादा तिला नगरला नेतात, रक्त मिळेपर्यंत बाकावर बसतात, रात्रीच्या गाडीनं परत येतात.

मागच्या महिन्यात ते पुण्याच्या डॉक्टर मॅडमकडं जाऊन आले. मॅडम म्हणाल्या, थॅलेसेमिया मुळापासून घालवायचा तर हाडातला मगजच बदलावा लागेल, आणि तो जुळणाऱ्या माणसाचा पाहिजे. ताई-दादांचा निम्माच जुळतो. निकिताला भाऊ नाही, बहीण नाही. मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कोणाचं लेकरू आहे?"

ताई म्हणाली, "होतं."

घरी आल्यावर ती माझ्या मशीनशेजारी येऊन बसली. माझ्याकडं बघत नव्हती. "दीपे, आपल्या सुमेधच्या नाळेचं रक्त अजून आहे ना त्या बँकेत?" मी काजं करत राहिले. सख्खी बहीण, आणि दोन दिवस मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आपल्या लग्नात लोक म्हणाले होते, दोन बहिणी दोन भावांना दिल्या, बरं झालं, घर फुटायचं नाही. मॅडम म्हणतात, त्याचमुळं ह्या दोन लेकरांचं जुळण्याची आशा जास्त. बँकेतल्या पिशवीला जोडलेल्या नळीत तपासणीपुरतं थोडं रक्त वेगळं असतं. माझ्या सहीवर ते तपासलं. तुम्हाला विचारायला तीनदा फोन केला होता.

जुळलं आहे. आणि त्याच्या रक्तात हा आजार नाही.

पिशवी बाहेर काढायला मात्र आई आणि बाप दोघांची सही लागते.

दीपा


देवळाली प्रवरा,
९ फेब्रुवारी २०२५

अहो,

तुमचा मेसेज मिळाला. "त्याला हात लावू नका. तेवढाच उरलाय."

ताईला मी तो दाखवला नाही. 'त्यांचं अजून उत्तर नाही' एवढंच सांगितलं.

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर थंडी पडली की मला रोज वाटतं, बँकेच्या त्या थंड पेटीत त्याला किती गार लागत असेल. एकदा आईंना म्हणाले तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणजे वेड तुम्हालाच लागलंय असं नाही.

पण तो दिवस तुम्ही परत एकदा आठवा. मी आठवायला सांगतेय, मला माफ करा.

सुमेध पोटात असताना दवाखान्यात तो टाय लावलेला माणूस आला होता. नाळेचं रक्त साठवा, ऐंशी आजारांवर चालतं, आई-बापापासून आजीपर्यंत सगळ्यांना कवच आहे, असं म्हणाला. तुम्ही त्याच दिवशी हो म्हणालात. निकिताचं बघून तुम्ही घाबरला होतात, हे मला माहीत होतं. बँकेचं ते निळं कार्ड तुम्ही पाकिटात ठेवलं आणि गल्लीत सगळ्यांना दाखवलं.

मग सुमेधच्या मेंदूत ताप गेला. नगरच्या त्या काचेच्या खोलीबाहेर तुम्ही डॉक्टरांपुढं कार्ड धरलंत. "साहेब, याचं रक्त आहे आमच्याकडं. लगेच मागवतो. गाडी करतो." डॉक्टरांनी कार्ड वाचलं, तुमचा हात धरला आणि म्हणाले, "दादा, हे ह्या आजारासाठी नसतं हो." तुम्ही केवढ्यानं ओरडलात, "मग कशासाठी असतं?"

संध्याकाळी सुमेध गेला. तेव्हापासून तुम्ही कोणाला काही विचारलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आत्ता अंगणात बसलंय. पाटीवर बदक काढतंय. त्याला तीन पाय काढलेत.

मी सही करा म्हणत नाही. विचार करा म्हणते.

दीपा


देवळाली प्रवरा,
६ एप्रिल २०२५

अहो,

कागद पोचले. तुमची सही बघून ताई उंबऱ्यातच खाली बसली. दादा टोपी घालून बाहेर गेले, बऱ्याच वेळानं आले.

आई तुमच्याकडं एकट्या आल्या याचा मला पत्ता नव्हता. सकाळी उठले तर अंथरूण मोकळं. विहारात गेल्या असतील म्हणून मी वाट बघितली. राहुरीहून नगर, नगरहून शिक्रापूर, तिथून चाकण. जन्मात नगरच्या पुढं न गेलेली बाई. तुमच्या खोलीचा पत्ता त्यांनी माझ्या पत्राच्या पाकिटावरून शेजारच्या विजयमालाकाकूंकडून उतरवून घेतला होता.

तुम्हाला काय बोलल्या ते त्यांनी आल्यावर सांगितलं. "मी म्हन्ले त्याला, नितीन, लेकरू मातीत हाय. मी सोताच्या हातानं त्याच्यावर माती लोटली. त्या थंड पेटीत न्हाई ते. पेटीत औषीद हाय. औषीद ठिवून लेकरू मारायचं का?"

मी विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

"काय न्हाई. मला च्या करून दिला. लई गोड केल्ता."

आई तुमच्यासमोर रडल्या नाहीत ना? इथं आल्यावर रडल्या. भाकरी थापता थापता तव्यावर पाणी पडत होतं.

मॅडमनी आम्हाला सगळं समोर बसवून सांगितलंय, तेच तुम्हाला लिहिते. आधी औषधांनी निकिताचा जुना मगज पूर्ण मारणार. मग सुमेधच्या पेशी सोडणार. त्या हाडात जाऊन रुजल्या तर पोर कायमची बरी. कधी कधी रुजत नाहीत. कधी रुजूनही निघून जातात आणि जुनाच मगज परत डोकं काढतो. जिवालाही धोका आहे. मॅडम म्हणाल्या, "मी त्या बँकवाल्यांसारखं बोलणार नाही. एकच पिशवी आहे. दुसऱ्यांदा करता येणार नाही."

दादांनी विचारलं, "मॅडम, तुमची मुलगी असती तर?" त्या म्हणाल्या, "केलं असतं. आणि घाबरले असते."

सोमवारी आम्ही पुण्याला निघतोय.

दीपा


पुणे,
६ मे २०२५

अहो,

तुम्ही आला होतात. मी पाहिलं.

निकिताच्या खोलीत फक्त ताईला सोडतात. मी काचेबाहेर होते. पाठीमागं लिफ्टजवळ कंपनीचा निळा शर्ट दिसला. वळून हाक मारली असती तर तुम्ही गेला असतात, म्हणून मी वळले नाही. तुम्हाला बघायचं होतं ते बघू दिलं. पण इतक्या लांबून तुम्हाला काय दिसलं असेल? म्हणून लिहिते.

दुधाच्या कॅनसारख्या भांड्यातून ती पिशवी आली. झाकण उघडल्यावर पांढरी वाफ निघाली. नर्सनं पिशवी कोमट पाण्यात धरली. तळहाताएवढीच हो. मला वाटलं होतं मोठी असेल. आपला सुमेध जन्मला तेव्हाही तुम्ही म्हणाला होतात, "एवढाच?"

मॅडमनी नाव वाचलं. 'बाळ, दीपा नितीन.' तेव्हा त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं.

मग ते निकिताच्या छातीतल्या नळीतून गेलं. तिच्या डोक्यावर एक केस उरलेला नाही. मी सुती टोपी शिवून दिलीय, ती डोळ्यांवर घसरते. ती ताईला म्हणाली, "मम्मी, लसणाचा वास येतोय." ते रक्त टिकवायला जे औषध घालतात त्याचा वास. खोलीभर पसरला होता, दारातून बाहेरही आला. तुमच्यापर्यंत आला का?

अर्ध्या तासात पिशवी रिकामी झाली. मी मागं बघितलं तर लिफ्टजवळ कोणी नव्हतं.

जेवत जा.

दीपा


पुणे,
१२ जून २०२५

अहो,

निकिताच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या!

मॅडम स्वतः धावत आल्या. मुलीच्या रक्तात मुलाच्या पेशी, म्हणजे त्या सुमेधच्याच. रुजल्यात. दादा कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ताईनं काचेवर हात ठेवला, मी बाहेरून त्याच जागेवर ठेवला.

मधले दिवस फार वाईट गेले. तोंडात फोड, ताप, पोरीला थुंकी गिळवत नव्हती. ते मी तुम्हाला लिहिलं नाही. आता लिहायला हरकत नाही.

मॅडम म्हणाल्या, सगळं नीट झालं तर हळूहळू हिचा रक्तगटसुद्धा बदलेल, सुमेधचा होईल. हे निकितानं ऐकलं. आता ती मऊ भाताचे दोन घास वेगळे करते. "हा माझा. हा सुमेधचा, त्याला दात नाहीत." त्याला चार दात होते. मी तिला सांगितलं. तिनं घास मोठा केला.

दीपा


पुणे,
३ जुलै २०२५

अहो,

निकिताला दवाखान्यातून सोडलंय. जवळच एका खोलीत राहतोय, तपासण्या चालू आहेत. रक्त चढवावं लागलं नाही. ओठ गुलाबी आहेत. कोणाचे तरी ओठ गुलाबी असतात हेच मी विसरले होते.

एक गोष्ट तुम्हालाच लिहिते. दुपारी ती झोपली की मी तिचं मनगट धरून बसते. अंगठ्याखाली ठोका लागतो. तेवढ्या वेळात मला काही दुखत नाही. ताईला वाटत असावं, मी निकितासाठी बसते. काल मी हात काढून घेत होते तर ताई पाठीमागून म्हणाली, "धर गं. तुझाही आहे."

तुम्ही या. दारात उभं राहायचं असलं तरी या. इथं काच नाही.

दीपा


पुणे,
२१ ऑगस्ट २०२५

अहो,

तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लगेच लिहितेय.

पेशी कमी होतायत. मागच्या तपासणीत थोड्या घटल्या होत्या, मॅडम म्हणाल्या थांबून बघू. औषध बदललं. आता निम्म्याहून खाली आल्यात. निकिताचा जुना मगज मेला नव्हता, तो परत वाढतोय.

मी विचारलं, "म्हणजे ती त्याला बाहेर काढतेय?"

मॅडम म्हणाल्या, "असं नका म्हणू. शरीराला कळत नाही हो, आपलं कोण ते."

"थांबवता येत नाही का?"

"प्रयत्न करतेय."

नगरच्या डॉक्टरांचंही शेवटी हेच वाक्य होतं.

ताई रात्रंदिवस निकितासाठी रडते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते. मी कोणासाठी रडतेय हे मी तिला सांगत नाही. तिचं लेकरू समोर जिवंत आहे, त्याला सोडून मी दुसऱ्याला रडते, हे तिला कसं सांगू? तुम्हालाच सांगू शकते. जगात दुसरं माणूस नाही.

दीपा


देवळाली प्रवरा,
१४ सप्टेंबर २०२५

अहो,

संपलं. शेवटच्या तपासणीत मुलाची एकही पेशी नाही.

आम्ही गावी आलोय. निकिताच्या जिवाला धोका नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. पण ती होती तिथंच आली. परवा तिला नगरला नेऊन रक्त चढवलं. पुढं कधीतरी दादांच्या निम्म्या जुळणाऱ्या मगजावर बघता येईल म्हणाल्या. आत्ता पोर थकलीय, आत्ता नाही.

ताईनं माझे पाय धरले. "तुझं लेकरू मागून घेतलं गं, आणि सांभाळता आलं नाही." मी तिला उठवलं. आम्ही दोघी किती वेळ तशाच बसलो होतो माहीत नाही. आईंनी येऊन चूल पेटवली.

मला तिच्यावर राग नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही सही केली नसती तर पिशवी तिथं राहिली असती आणि निकिता इथं अशीच असती, आणि आपण सगळे एकमेकांची तोंडं चुकवत जगलो असतो. हे मी स्वतःला समजावते. दुपारपर्यंत पटतं, मग पटत नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. निकितानं मला काल विचारलं, "मावशी, नितीनकाका मला रागावतील का?"

"का गं?"

"सुमेध माझ्याकडं ठेवायला दिला होता ना. माझ्याकडून गेला."

मी तिला जवळ घेतलं. तुझी चूक नाही म्हणाले. ताई म्हणाली, दादा म्हणाले, आईही म्हणाल्या. ती मान हलवते. पण अंगणात गाडी वाजली की आत पळते, काका आले असतील म्हणून. सहा वर्षांचं पोर तुम्हाला घाबरून पलंगाखाली लपतं.

आमच्या कोणाच्या सांगण्यानं होत नाही. तिला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. माझ्यासाठी नका येऊ. तिच्यासाठी या.

दीपा


देवळाली प्रवरा,
२९ सप्टेंबर २०२५

अहो,

तुम्ही आलात आणि दुपारच्या गाडीनं गेलातही. मी चहा टाकला होता, भाकरी केली होती. तुम्ही जेवलात. माझ्याशी बोललात ते एवढंच, "मीठ दे." तरी बरं वाटलं. दोन वर्षांनी तुम्ही माझ्या हातचं खाल्लंत.

तुम्ही निकिताच्या खोलीत गेलात तेव्हा मी मुद्दाम मागच्या दारी जाऊन बसले. आईंनाही थांबवलं. आतून आधी तुमचा आवाज आला, मग तुम्ही रडलात. सुमेध गेला तेव्हा तुम्ही रडला नव्हतात. मातीच्या वेळीही नाही. आई माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. व्हऊ दे त्याचं."

तुम्ही गेल्यावर निकिता पलंगावर उड्या मारत होती. ताईनं तिला ओढून खाली बसवलं. मी विचारलं, "काय म्हणाले काका?"

"रागावले नाहीत."

"मग?"

"म्हणाले, तो कधीच गेला होता. तुझ्यामुळं तो आणखी एक पावसाळा जगला. मला थँक्यू म्हणाले." मग म्हणाली, "मावशी, मोठी माणसं थँक्यू म्हणताना रडतात का?"

मी आत जाऊन मशीनवर बसले, शिवलं काहीच नाही.

आणखी एक पावसाळा. हे मला सुचलं नव्हतं. त्याच पावसाळ्यात मी तिचं मनगट धरून बसत होते आणि तुम्ही चाकणला मशीनवर उभे होतात. तो असताना आपण दोघं एकदाही त्याच्याजवळ एकत्र बसलो नाही.

पुढच्या आठवड्यात निकिताला परत रक्त द्यायचंय. दादांना सुट्टी नाही, ताईला ताप आहे. मी घेऊन जाणार आहे. नगरला त्या बाकावर तीन-चार तास बसावं लागतं.

निकिताला जे सांगितलंत, ते तिथं बसून मलाही एकदा सांगाल का?

दीपा